उसवण, आणि शब्बीरभाईंचा आवाज

माझ्या नावावर एक लायब्ररी आहे. तिला कपाट नाही, वाचनकक्ष नाही, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन दुपारी झोपणारे सभासद नाहीत, आणि अनुदान तर नाहीच. तिच्यात पुस्तक एकही नाही. प्रोग्रॅम लिहिणारे लोक पुन्हा पुन्हा लागणाऱ्या कामांचा एक संच बांधून ठेवतात आणि इतरांना वापरायला देतात, त्याला लायब्ररी म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे. ज्याने ठेवलं त्याला इंदापूर तालुक्यात राहायचं नव्हतं, एवढं नक्की.

माझी लायब्ररी व्हिडिओ गेमच्या फायली वाचते. वालचंदनगरला कारखान्याच्या संगणक विभागात माझी नोकरी झाली. यंत्रांचे जुने नकाशे नव्या संगणकावर उघडत नसत, ते उघडून देणं हे माझं काम. निवृत्त झाल्यावर नकाशे यायचे बंद झाले, पण बंद फाईल दिसली की ती उघडून बघायची खोड काही पेन्शनीत निघाली नाही. मग मी गेमकडे वळलो. तेही फक्त मेलेल्या गेमकडे, म्हणजे ज्यांचा धनी उरलेला नाही अशा. गेम खेळता मात्र मला अजून येत नाही. पहिल्याच दारापाशी मला कोणीतरी मारतं.

हे काम समजायला साखरेचं पोतं आठवावं. त्याच्या तोंडाच्या शिवणीला दोन टोकं असतात. बरोबर टोक हाताला लागलं तर सर्रकन सगळी शिवण सुटते. चुकीचं ओढलं तर गाठ बसते आणि शेवटी विळा आणावा लागतो. गेम बनवणारेसुद्धा चित्रं, आवाज, नकाशे, पात्रांची बोलणी असं सगळं एका मोठ्या फायलीत भरून तोंड शिवून टाकतात. टोक कुठलं हे फक्त त्या गेमला ठाऊक. मी ते टोक शोधतो आणि विळा वापरत नाही. म्हणून लायब्ररीचं नाव 'उसवण'.

गिऱ्हाइकं दूरदूरची. उत्तरेकडच्या कुठल्या तरी बर्फाळ देशातून एकाने कळवलं की तुमच्या लायब्ररीतून काढल्यावर राक्षस हिरवा दिसतो, तो तपकिरी हवा. मी तो राक्षस पाहिलेला नव्हता. दोन ओळी बदलून दिल्या. आता शांत झोप लागेल, असं त्याचं उत्तर आलं. एका बाईंना लहानपणी खेळलेल्या गेममधल्या घराच्या भिंतीची नक्षी स्वतःच्या खऱ्या भिंतीवर हवी होती, तीही काढून दिली. जवळची गिऱ्हाइकं वेगळी. बारामतीचे एक गृहस्थ विचारायला आले, "सायेब, कसली बी फाईल उघडता म्हणं. सातबारा उघडंल का?" म्हटलं, तो उघडाच असतो, त्यात काय लिहिलंय ते कळत नाही, ही तक्रार वेगळी.

अशा शांततेत चाललं असताना एका वार्ताहराला कुठून तरी सुगावा लागला, आणि 'निवृत्त कर्मचाऱ्याने घरातच उभारली जगभर वाचक असलेली लायब्ररी' अशी बातमी छापून आली. तिच्यातलं एकही वाक्य खोटं म्हणता येईना, हीच पंचाईत. लगेच तालुक्यातल्या एका वाचनालयाने माझा सत्कार ठरवला. गेलो तर फलकावर माझा फोटो आणि खाली 'ग्रंथमहर्षी'. अध्यक्ष म्हणाले, वाचनसंस्कृती लोप पावत असताना या माणसाने एकट्याच्या बळावर ज्ञानाची गंगा सातासमुद्रापार नेली. मी उभा राहून सांगितलं, "ही पुस्तकांची लायब्ररी नाही हो." अध्यक्षांनी माइक ओढून घेतला. "बघा! मोठी मान्सं अशीच बोलत्यात." टाळ्या पडल्या. यानंतर खरं बोलणं म्हणजे उद्धटपणा झाला असता.

कार्यक्रम संपल्यावर एक तरुण शिक्षिका जवळ आल्या. नाव रेहाना, सुप्याच्या शाळेत शिकवत.

"सर, तुमच्याकडं खरंच पुस्तकं नाहीत ना?"

"एकही नाही."

"बरं झालं. मग माझं काम आहे तुमच्याकडं. गेममधनं माणसाचा आवाज काढता येतो का?"

आवाज त्यांच्या वडिलांचा होता. सुप्यात शब्बीरभाईंचं दोरखंडाचं आणि बैलांच्या साजाचं दुकान आहे. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा. पण पंचक्रोशीत ते ओळखले जात ते बैलगाड्यांच्या शर्यतीचे समालोचक म्हणून. मैदानावर गाड्या पळायला लांबलचक पट्ट्या आखतात, त्यांना तास म्हणतात. धुरळ्यात कुठल्या तासातली गाडी पुढं आहे हे बघणाऱ्यांना कळत नाही, ते समालोचकाने सांगायचं. शब्बीरभाई असं सांगत की निकाल देण्याआधी पंच त्यांच्याकडे बघत.

मग शर्यतींवर बंदी आली. बैलांना विश्रांती मिळाली आणि शब्बीरभाईंना सक्तीची सुट्टी. त्या दिवसांत पुण्याच्या काही पोरांनी बैलगाड्यांचा मोबाइल गेम काढायचं ठरवलं. पडद्यावरच्या बैलांना बंदी लागू नव्हती. त्यांनी शब्बीरभाईंना स्टुडिओत नेऊन त्यांचं सगळं बोलणं तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित केलं. गेम मात्र आपटला. त्यात बैल पळवायला काचेवर बोट घासावं लागे. शौकिनांनी ते एकदा घासून पाहिलं आणि बंदी उठायची वाट बघणं पसंत केलं. कंपनी मिटली. पुढे बंदी उठली, पण तोवर शब्बीरभाईंच्या घशाचं ऑपरेशन होऊन आवाजाचा भागच काढून टाकावा लागला होता. बैल मोकळे झाले तेव्हा सांगणारा मुका होता.

मी सुप्याला गेलो तेव्हा ते दुकानात बसले होते. गळ्याभोवती उपरणं, समोर मोबाइल. बोलायचं ते टाइप करून दाखवत. त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी टाइप होण्याआधीच उत्तर देत.

"ह्यांचं म्हननं, आवाज मिळाला तर बरं. न्हाय मिळाला तरी चा घ्या."

शब्बीरभाईंनी टाइप केलं : 'मी असं म्हनलो न्हाई.'

"मग काय म्हनला?"

'आधी चहा.'

सगळा प्रश्न सुप्याच्या मैदानाचा होता. पुष्कळ वर्षांनी माळावर मोठी शर्यत भरायची होती. कमिटीचे अध्यक्ष आबा यांनी शब्बीरभाईंना मानाने बोलावलं होतं : स्टेजवर खुर्ची, शाल, नारळ, चार शब्द त्यांच्या कार्याबद्दल. समालोचनाला इंदापूरचा विकास, जो एरवी लग्नात सूत्रसंचालन करतो. शब्बीरभाईंनी आबांना एवढंच लिहून दाखवलं होतं : 'शाल नको. माईक द्या.' आबांनी विचारलं होतं, "माइक घिऊन करनार काय?" मोबाइलवरच्या जुन्या चित्रफितींत त्यांचा आवाज होता, पण हलगी, हॉर्न आणि शिट्ट्यांखाली गाडलेला. स्वच्छ आवाज जगात एकाच ठिकाणी होता, रेहानाच्या काच फुटलेल्या जुन्या फोनमधल्या त्या गेममध्ये. आणि तो गेम सुरू करताच मिटलेल्या कंपनीची परवानगी मागून थांबून राही.

फोनमधली मोठी फाईल मी घरी नेली. शिवणीचं टोक लवकर सापडलं. पुढे मात्र गंमत झाली. आत आवाजाचे ढीगभर तुकडे, त्यांना नुसते क्रमांक, आणि कुठल्या क्रमांकाला काय म्हटलंय याची यादी शेवटी. ती यादी वाचता येईना. जपानी अक्षरं सहज वाचणाऱ्या माझ्या लायब्ररीला मराठी येत नव्हतं.

कारण कळल्यावर मी एकटाच हसलो. पुण्याच्या पोरांनी मराठी यादी टाइप करायला लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याला दिली असणार. या लोकांचे जुने फॉन्ट म्हणजे मराठीचा वेश घेतलेली इंग्रजी अक्षरं. वेश उतरवला की सगळी यादी इंग्रजी शिवीगाळ दिसते. शिवाय शाळेत आपण आधी अक्षर काढतो, मग त्याला पहिली वेलांटी देतो. डीटीपीवाला आधी वेलांटी टाकतो, कारण ती डाव्या बाजूला असते. म्हणून मी नियम लिहिला : वेलांटी उचल आणि पुढच्या अक्षरानंतर ठेव. त्यावर जोडाक्षरांनी सूड घेतला. 'स्थिर'मधली वेलांटी अर्ध्या 'स'ला जाऊन चिकटली. दुसरा नियम लिहिला. रफारासाठी तिसरा, कारण तो पठ्ठ्या अक्षर झाल्यावर मागून येतो. जगात ही चूक मराठी-हिंदी पत्रिका छापणाऱ्यांखेरीज कोणी करू शकत नाही, आणि ती दुरुस्त करणारी गेमची लायब्ररी बहुधा माझी एकटीच आहे. ग्रंथमहर्षी ही पदवी या कामासाठी दिली असती तर मी तोंड वर करून घेतली असती.

यादी उलगडली. बैलांची नावं, तासांचे आकडे, 'पुढं', 'लागून', 'मागं पडला', 'आला', गर्दीला दरडावणं, गाडीवानाला चुचकारणं. मी एक साधा प्रोग्रॅम लिहिला : बटण दाबलं की तुकडा वाजेल. तो घेऊन सुप्याला गेलो, आणि दुकानातच पहिलं बटण दाबलं.

"तास तीन!"

रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला थांबला. जुबेदाभाभींनी पदर तोंडाला लावला. शब्बीरभाई लॅपटॉपकडे असे बघत राहिले, जसं कोणी आपल्या दुकानात शिरलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं. पुन्हा दाबा, अशी खूण त्यांनी केली. मी दाबत गेलो. बराच वेळ ऐकून त्यांनी मोबाइल उचलला.

'ह्यो लई वरडतोय.'

"घरात बी असंच वरडत व्हता की," जुबेदाभाभी म्हणाल्या. "मीठ मागायचं तरी ईस गावांला कळायचं." आणि आत निघून गेल्या. बाहेर यायला त्यांना वेळ लागला.

रेहानाने बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. शब्बीरभाईंची बोटं दुकानाच्या गल्ल्यावर सराव करू लागली. मग आम्ही आबांकडे गेलो. आबांनी लॅपटॉप चारी बाजूंनी पाहिला.

"म्हंजी आता ह्ये बोलनार व्हय?"

"बोलणार शब्बीरभाईच," मी म्हणालो. "हे फक्त तोंड."

"आन पावण्यांचं स्वागत? त्ये हाय का ह्येच्यात? सन्माननीय, कार्यतत्पर, असलं काय?"

रेहानाने यादी चाळली. "नाही आबा. गेममध्ये पाहुणे नव्हते."

आबांना त्या गेमची कीव आली असावी. पाहुण्यांशिवाय शर्यत ही कल्पना त्यांना पेलेना. शेवटी ठरलं ते असं : विकासने स्वागत आणि समालोचन करायचं, शब्बीरभाईंनी शेजारी बसून "मदीमदी" वाजवायचं. "बंद करा म्हनलं की बंद करायचं," आबा म्हणाले. शब्बीरभाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मैदानाच्या दिवशी माळावर धुरळा आणि माणसं यांत फरक राहिला नव्हता. विकास जरीचा कुर्ता घालून आला होता. त्याने हिंदी शायरीने सुरुवात केली आणि मग स्वागताची यादी हातात घेतली. आजी, माजी, भावी, सगळे पदाधिकारी त्यात होते. पहिल्या गाड्या सुटल्या तेव्हा तो भावींपर्यंत आला होता. गाड्या आल्या, निकाल लागला, आणि मैदानाला कळलं की मागच्या दोन मिनिटांत शर्यत झाली.

पुढच्या फेरीला शब्बीरभाईंनी कर्ण्याला जोडलेल्या लॅपटॉपचं बटण दाबलं. "तास दोन! पुढं!" माळभर एक लाट गेली. म्हातारी माणसं उठून उभी राहिली. "आरं, भाई! भाईचा आवाज हाय ह्यो!" पण उत्साह टिकेना. गेममधल्या बैलांची नावं इथल्या बैलांची नव्हती, म्हणून तासांच्या आकड्यांवर भागवावं लागत होतं. आणि खरी अडचण दुसरीच होती. माणूस 'पुढं' म्हणतो तेव्हा गाडी जितकी पुढं तितका शब्द ताणतो. इथे प्रत्येक 'पुढं' तेवढाच पुढं होता. तुकडा, मग पोकळी, मग तुकडा. पोरं नक्कल करून हसायला लागली : "तास दोन. पुढं." रेल्वे स्टेशनवर घोषणा होते तसं. शब्बीरभाईंचं कपाळ घामाने चमकत होतं. रेहाना माझ्याकडे बघेना. माझी लायब्ररी बिनचूक चालत होती, आणि त्या बिनचूकपणानेच माणसाची शोभा होत होती.

अशात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. ती बाजूच्या वाटेने न येता आखलेल्या तासातूनच स्टेजच्या दिशेने आली आणि फेरी सुटायच्या वेळेला मधोमध थांबली. पाहुणे आतून हात जोडत होते. विकास आवाज चढवून विशेषणं सांगू लागला. सुरुवातीच्या रेषेवर बैल उसळ्या मारायला लागलेले, गाडीवान कासरे आवळून मागे झुकलेले. शब्बीरभाईंनी एकदा बैलांकडे पाहिलं आणि बोट टेकवलं.

"ए गाडीवाले! डोळं हायती का बटनं? तासातनं बाजूला व्हा!"

हा तुकडा पोरांनी स्टुडिओत का भरून घेतला होता, देव जाणे. माळ असा हसला की पाहुण्यांच्या चालकाने विचार न करता गाडी मागे घेतली. आबा स्टेजवर धावत आले.

"बंद करा! बंद करा म्हनतो त्ये! इज्जत घालवली!"

शब्बीरभाईंनी हात उचलले. रेहानाने लॅपटॉप मिटला. आबांनी विकासला खूण केली. विकासने पाहुण्यांची माफी मागितली, स्वागत पुन्हा पहिल्यापासून केलं, पाहुण्यांचं भाषण झाल्यावर त्याचा गोषवारा सांगितला, प्रायोजकांची नावं वाचली, आणि फायनलच्या गाड्या रेषेवर आल्या तेव्हा माइकपुढे तोंड उघडलं. आवाज आला नाही. खाकरला, पाणी प्यायला, पुन्हा प्रयत्न केला. बांगड्या घासल्यासारखा काहीतरी खरखराट निघाला.

"आबा," तो कसाबसा म्हणाला, "घसा गेला."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं. खाली लोक ओरडायला लागले होते. "भाईला लावा! भाईला!" आबांनी शब्बीरभाईंकडे न बघता हवेत हात हलवला. "लावा मग. लवकर लावा."

झेंडा पडला. गाड्या सुटल्या. तास तीन आणि तास पाच सुरुवातीपासून खांद्याला खांदा. शब्बीरभाईंनी 'आला'चं बटण दाबलं, तुकडा वाजत होता तोच घाईत पुन्हा दाबलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक दोष होता, तो मला तिथे कळला. वाजणारा तुकडा संपायच्या आत तेच बटण दाबलं की तो तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता. कर्ण्यातून आलं : "आ... आ... आला!" मी कपाळाला हात लावला. शब्बीरभाई क्षणभर थबकले. मग त्यांनी ते बटण मुद्दाम तसंच दाबलं. हलकं, भराभर, हलगीवर टिपरी पडावी तसं.

"आ-आ-आ-आ-आला! ता-ता-ता-तास तीन! पु-पु-पु-पु-पु-पु-पुढं!"

गाडी जवळ येईल तशी बोटं वेगात पडू लागली. दम लागावा तशी मध्येच थांबत, पुन्हा तुटून पडत. पाच लागून आला की दुसरा हात दुसऱ्या बटणावर. आता 'पुढं' हवं तितकं लांबत होतं. मागच्या बाजूला उभा असलेला एक म्हातारा शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दे मारत होता, त्याच ठेक्यात. नक्कल करणारी पोरं आता टाचा उंचावून तासांकडे बघत होती. मी प्रोग्रॅममध्ये जे चुकवलं होतं, नेमक्या त्याच भोकातून तो माणूस श्वास घेत होता.

दोन्ही गाड्या एकदमच निशाणावरून गेल्या. धुरळा बसेना. एका पंचाने तीन बोटं दाखवली, दुसऱ्याने पाच. दोन्ही बाजूंचे लोक तासात उतरायला लागले, आणि अशा वेळी माळावर काय होऊ शकतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा थोरल्या पंचाने मान वळवली आणि स्टेजकडे पाहिलं.

शब्बीरभाईंनी बटण एकदाच दाबलं. न तोडता, सबंध.

"तास पाच!"

कोणी वाद घातला नाही. ज्यांची गाडी तीनमध्ये होती ते शिव्या देत बैल सोडायला गेले, पण त्या शिव्या बैलाला होत्या, निकालाला नव्हत्या.

आबांनी घाईघाईने शाल मागवली, ती शब्बीरभाईंच्या खांद्यावर टाकली, छायाचित्रकाराकडे तोंड केलं आणि नारळ पुढे धरला. पण खाली तिसऱ्या नंबरसाठीच्या गाड्या रेषेवर लागल्या होत्या. शब्बीरभाईंचे दोन्ही हात बटणांवर होते, आणि नारळ घ्यायला त्यांच्याकडे एकही मोकळा नव्हता.